दिवाळीचा किल्ला २०२५: लोहगड (प्रकल्प नोंदी)

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळपासून पाऊस. मुलं घरातच, म्हणून जेवणं झाल्यावर किल्ल्याची बैठक घेतली. हजर: थोरला (सातवी), धाकटी (तिसरी), आबा म्हणजे माझे सासरे, मुलांचे बाबा आणि मी. शेजारची दोघं भावंडं मागाहून आली आणि लगेच सभासद झाली.

पहिला प्रश्न, कुठला किल्ला? जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांची यादी थोरल्याने वहीत उतरवून ठेवली होती. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. त्याला राजगड हवा होता, धाकटीला समुद्र. आबांनी एकच अट घातली, "जो किल्ला पायांनी चढलाय तोच हातांनी करायचा." राजगड तिसरीतल्या मुलीला एका दिवसात झेपेल असं वाटेना. चिंचवडहून लोकलने जाऊन संध्याकाळी परत येता येईल असा एकच, लोहगड. ठरलं.

जागा: बिल्डिंगच्या मागे, जिन्याखालच्या भिंतीला लागून. आठ फूट बाय पाच फूट. सेक्रेटरी काकांची परवानगी धाकटीने स्वतः जाऊन आणली.

बाजारात तयार किल्ले मिळतात. आणायचे, मांडायचे, झालं. ज्यांच्याकडे जागा नाही आणि वेळही नाही त्यांनी ते आणावेत, त्यात काही वाईट नाही. पण आमच्याकडे जागा आहे आणि चार मुलं आहेत. मला विचाराल तर किल्ल्याची खरी मजा दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात असते. मुलं शाळेतून आल्या आल्या दप्तर फेकून खाली पळतात ना, त्या संध्याकाळींसाठीच हा सगळा खटाटोप.

२ ऑक्टोबर, दसरा

पूजेला यंदा पाटावर कुदळ, फावडं, घमेलं, माती चाळायची चाळण आणि गवंड्याची छोटी थापी मांडली. धाकटीने सगळ्यांना हळद-कुंकू लावलं, वर झेंडूची फुलं. चाळणीला फूल कसं वाहायचं ते तिला समजेना, भोकात देठ खोचून मोकळी झाली. संध्याकाळी आपट्याची पानं वाटायला सगळ्या मजल्यांवर गेली, तेव्हा प्रत्येक घरी सोन्याबरोबर "तुमच्याकडे जुनी गोणपाटं आहेत का?" हेही विचारून आली. पाच मिळाली. शिवाय बी विंगमधल्या काकू कुंड्यांसाठी आणलेली लाल माती द्यायला तयार आहेत.

४ ऑक्टोबर, शनिवार. लोहगड

हीच नोंद मोठी होणार.

सकाळच्या लोकलला गर्दी नव्हती, खिडक्या मिळाल्या. आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली. पोरांनी स्टेशनांची नावं तालात म्हणून पाठ केली, शेजारचे एक आजोबाही त्यांच्यात सामील झाले. मळवलीला उतरून एक्स्प्रेस वेवरच्या पुलावर दहा मिनिटं गेली, खालून जाणाऱ्या ट्रकना हात करण्यात. दोघातिघांनी हॉर्न वाजवून उत्तर दिलं. मग भाजे गाव. लेणी वर दिसत होती, पण आज गड. गावातून चढत गायमुख खिंडीत आलो. इथून डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड. लोहगडवाडीत ताक प्यायलो, परतताना पिठलं-भाकरीसाठी येतो असं मावशींना सांगून पायऱ्यांना लागलो. आबा वाडीतच थांबले. त्यांचे गुडघे, आणि मावशींच्या सासऱ्यांशी जमलेल्या गप्पा.

चार दरवाजे एकामागोमाग एक: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. मधली वाट सरळ नाही, सापासारखी वळत जाते आणि दोन्ही बाजूंनी तट. थोरल्याने गणेश दरवाज्याशी उभं राहून विचारलं, "एकच मोठा दरवाजा का नाही केला?" त्याच्या बाबांनी उत्तर दिलं नाही. "पळत ये," म्हणाले, "तू शत्रू." तो पळत सुटला आणि पहिल्याच वळणाला दगडी भिंतीपाशी त्याला थांबावं लागलं. वर तटावर धाकटी आणि शेजारची मुलगी ओंजळीत गवत घेऊन उभ्या. सगळं त्याच्या डोक्यावर. उत्तर त्याला मिळालं: पहिला दरवाजा फोडला तरी पुढे धावायला जागा नाही, ओंडका घेऊन धडक मारायलाही नाही, आणि जिथे वळावं तिथे डोक्यावर पहारा. त्यानंतर त्याने प्रत्येक वळण वहीत काढलं. पावलं मोजत होता, कोणी मध्ये बोललं की रागावत होता.

नारायण दरवाजा नाना फडणवीसांनी बांधला. तिथेच एक भुयार आहे, त्यात भात आणि नाचणी साठवत. धाकटीला गडावर तोफा असतात हे ठाऊक होतं, नाचणी असते हे नवीन. "म्हणजे ते पण आंबील प्यायचे?" प्यायचेच असणार. तेव्हापासून तिला त्या भुयाराचीच काळजी. ते आपल्या किल्ल्यात हवंच, आणि रिकामं नको. हनुमान दरवाजा सगळ्यांत जुना. महादरवाज्यावर मारुती कोरलेला आहे, त्याला चौघांनी हात जोडले.

वर सोनकी फुलली होती. अख्खं पठार पिवळं. नानांनी बांधलेलं सोळाकोनी तळं बघायला पोरं कडेकडेने फिरली आणि कोपरे मोठ्याने मोजले. सोळा भरले तेव्हा केवढा आनंद! मग लक्ष्मी कोठी आणि शेवटी विंचूकाटा. गडाची ही चिंचोळी सोंड सुमारे १५०० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. वरून बघितली की विंचवाच्या नांगीसारखी दिसते, म्हणून हे नाव. तिकडे जायला एक कातळटप्पा उतरावा लागतो. वाट अजून ओलसर होती, म्हणून आम्ही टप्प्याच्या वरच बसकण मारली आणि तिथूनच मन भरून पाहिली. समोर पवनेचं पाणी, पलीकडे तुंग आणि तिकोना. डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तिथेच संपली.

महाराजांना १६६५च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यात लोहगड होता, आणि १६७० साली तो परत घेतला, हे मी खाली उतरताना सांगितलं. उतारावर पोरं गोष्ट नीट ऐकतात, चढावर नाही. परत घेतला म्हटल्यावर शेजारच्या छोट्याने अशी काही आरोळी ठोकली की पायऱ्या चढणारं एक कुटुंब थबकलं आणि त्यांनीही "जय शिवाजी" म्हटलं.

पिठलं, भाकरी, कांदा, ठेचा. परतीच्या लोकलमध्ये चौघंही झोपली.

५ ऑक्टोबर, रविवार

कागदावर आराखडा. थोरल्याने गणित मांडलं. विंचूकाटा आपल्याकडे ९० सेंटीमीटर लांब करायचा तर खरा एक मीटर म्हणजे आपला ०.०६ सेंटीमीटर. म्हणजे सोंडेची रुंदी १.८ सेंटीमीटर. इथपर्यंत ठीक. मग त्याने गेल्या वर्षीचा मावळा फुटपट्टीवर उभा केला: साडेसात सेंटीमीटर. म्हणजे खऱ्या गडावर तो मावळा १२५ मीटर उंच! सगळे हसून हसून लोळले. धाकटी म्हणाली, "मग त्याला दरवाज्यातून कशाला जायचंय, तो वरूनच पाय टाकेल."

शेवटी आबांनी निकाल दिला. दिवाळीच्या किल्ल्यात माणसं नेहमीच किल्ल्यापेक्षा मोठी असतात, त्यांच्या लहानपणी सदाशिव पेठेतल्या वाड्यातही तसंच होतं. पण वळणं आणि दरवाज्यांचा क्रम खरा ठेवायचा, त्यात हयगय नाही. रुंदी चार बोटं.

६ ऑक्टोबर, कोजागरी

आज काम नाही. गच्चीवर मसाला दूध, भेळ आणि भेंड्या. आराखडा मात्र थोरल्याने गच्चीवरही आणला होता.

११ ऑक्टोबर, शनिवार

पाया. मोठे दगड आणि विटांचे तुकडे भिंतीला टेकवून रचले, भिंतीकडे उंच, पुढे उतरते. उजवीकडून सोंड बाहेर काढली. पोकळ जागा ठेवायची असेल तर आत्ताच ठेवावी लागते, म्हणून नारायण दरवाज्याच्या जागी भुयारासाठी एक नारळाची करवंटी आडवी घातली.

मग गोणपाटं. घमेल्यात माती आणि पाणी पातळ कालवायचं, खिरीइतकं. त्यात गोणपाट बुडवून दगडांवर अंथरायचं आणि बोटांनी दाबून खळग्यांत बसवायचं. ही पायरी गाळून थेट माती थापली तर ती दगडावरून घसरते. गोणपाटाच्या विणीत ती धरून राहते. चौघांचेही हात कोपरापर्यंत माखले. शाळेत नखं तपासणाऱ्या बाईंचं नाव निघालं, पण सुट्टी लागेपर्यंत किल्ला थांबत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

जाड मातीचा थर. काकूंची लाल माती चाळून घेतली, त्यात थोडी काळी माती, वाळू आणि भाताचं तूस. काळी माती एकटी वापरली तर चिकट छान होते, पण वाळताना आकसते आणि तडे जातात. वाळू आणि तूस तिला सैल ठेवतात. खरा लोहगड काळ्या कातळाचा, म्हणून वरच्या थरात कोळशाची पूड मिसळली. रंग असा जमला की मुलांचे बाबा गडावर काढलेला फोटो शेजारी धरून कितीतरी वेळ दोन्हीकडे बघत होते.

दुपारी दरवाजे. ही आजची सगळ्यांत सुंदर गोष्ट. माझ्या जुन्या प्लास्टिकच्या बांगड्या मधोमध कापल्या, प्रत्येक अर्धी बांगडी म्हणजे एक कमान. ती मातीत उभी रोवायची, दोन्ही बाजूंना बुरूज थापायचे आणि वरून माती चढवायची. बांगडी आत राहते, कमान खचत नाही. चार कमानी, चार बुरूजजोड्या. मधल्या वाटेच्या पायऱ्या धाकटीने मोडक्या फुटपट्टीच्या कडेने दाबत दाबत काढल्या, जीभ बाहेर काढून, शेवटपर्यंत. थोरल्याने वही उघडून प्रत्येक वळण तपासलं. हनुमान दरवाज्याच्या आधीचं वळण उलटं गेलं होतं, ते त्याने मोडून पुन्हा केलं. कोणाच्या लक्षातही आलं नसतं. त्याच्या आलं होतं.

रात्री सगळ्यावर ओली गोणपाटं झाकली. हळू वाळलं की तडे कमी.

१३ ऑक्टोबर, सोमवार

तरी दोनतीन गेलेच. पातळ माती भरली. तटाच्या चऱ्या केल्या. बाकी शाळा, क्लास, ऑफिस.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पेरणी. उतारांवर हळीव. आबा म्हणतात किल्ल्याला हळीवच, आणि त्यामागचं कारण आज पोरांनी हाताने पाहिलं. वाटीत पाणी घालून हळीव टाकलं, तर थोड्या वेळात प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत आवरण. म्हणून ते उभ्या उतारालाही चिकटून बसतं. गहू किंवा मोहरी घरंगळून खाली येते. सपाटीवर मोहरी टाकली, माचीसाठी.

भुयारात धाकटीने मूठभर नाचणी ठेवली. "ही पेरायची नाही, ही साठवलेली आहे," असं सगळ्यांना बजावून.

उरलेल्या हळीवाचे लाडू केले. ओला नारळ, गूळ, जायफळ. हळीव नारळाच्या पाण्यात भिजवून ठेवलं होतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सुट्टी लागली. पुण्यात कसब्यात कुंभारवाड्याकडे गेलो, चित्रं म्हणजे किल्ल्यावर मांडायच्या मूर्ती घ्यायला. रस्त्याच्या कडेने सिंहासनावरचे महाराज, मावळे, तोफा, घोडेस्वार, वासुदेव, गवळण, भाजीवाली, पाटा-वरवंट्याची बाई, वाघ. मुलं प्रत्येक गाड्यापाशी थांबणार, प्रत्येक मावळ्याचे डोळे निरखणार. डोळे कुंचल्याच्या एकाच टिंबाने काढलेले असतात आणि टिंब जरा सरकलं की मावळा रागीट किंवा घाबरट होतो. घाबरट मावळे शेजारच्या छोट्याने मुद्दाम निवडले, त्यांना घरी धीर देणार म्हणाला. महाराज गेल्या वर्षीचेच आहेत, ते बदलायचे नाहीत.

येताना बटाटेवडा. तो तर लागतोच.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

हळीव वर आलं! पहाटे धाकटीने हाका मारून सगळा मजला उठवला. काळ्या मातीवर पांढरे देठ आणि दोन दोन हिरवी पानं, टोकावर टरफल अडकलेलं.

संध्याकाळी कारंजं. यावरून भांडण झालं होतं. थोरल्याचं म्हणणं, लोहगडावर कारंजं नाही, नको. धाकटीचं म्हणणं, कारंजं नसेल तर दिवाळी कसली. तोडगा शेजारच्या मुलीने काढला: कारंजं गडावर नको, पायथ्याच्या गावातल्या बागेत. दोघांनाही मान्य.

मेडिकलमधून सलाईनची कोरी नळी आणली. जिन्याच्या पहिल्या मजल्यावरच्या कठड्याशी बादली, तिथून नळी भिंतीच्या कडेने खाली, मातीखालून बागेत आणि तोंडाशी रिकाम्या रिफिलचा तुकडा. "आबा, मोटर नाही तरी पाणी वर कसं उडतं?" आबांनी बादली एक पायरी खाली आणली, कारंजं बसलं. दोन पायऱ्या वर नेली, कारंजं उठलं. मग ती चौघं कितीतरी वेळ बादली खालीवर करत राहिली. पाणी बादलीच्या उंचीला पोहोचू बघतं, नळीतल्या घर्षणामुळे आणि हवेमुळे थोडं आधीच थांबतं, हे समजावून सांगायला शब्द कमीच लागले. नळीवरचं चाक फिरवून धार बारीक करता येते. बारीक केली की एक बादली बराच वेळ पुरते.

पहिली पणती महादरवाज्यात लावली.

१९ ऑक्टोबर, रविवार

रात्री मांजर सोंडेवर झोपलं. तिथे हळीव चपटं झालंय, एक बुरूज ढासळलाय, पहाऱ्याचे दोन मावळे खाली दरीत. छोटा म्हणाला, गड पडला. थोरला म्हणाला, १६६५. दुपारपर्यंत बुरूज पुन्हा बांधून गड परत घेतला, आरोळीसकट. आता रात्री माझी जुनी सुती साडी वरून घालतो, चार कोपऱ्यांना विटा.

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

पहाटे तेल, उटणं, कारीट फोडणं. ओल्या केसांनी सगळी खाली. अंधारात चारही दरवाज्यांत पणत्या, तटावर ओळीने पणत्या. मधल्या वळणांवर उजेड आणि सावल्या अशा पडल्या होत्या की कुठला तट पुढचा आणि कुठला मागचा ते सहज दिसत होतं. दिवसा इतकं नीट नव्हतं दिसलं. मग फराळ, किल्ल्यासमोर सतरंजी टाकून. चकली, चिवडा, कडबोळी, आणि बी विंगमधल्या काकूंचे अनारसे. काकूंना त्यांच्याच मातीचा किल्ला दाखवताना धाकटीने भुयारापासून सुरुवात केली.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

दोन दिवस पाहुणे. प्रत्येकाला गड दाखवायचं काम मुलांनी वाटून घेतलंय: दरवाजे थोरला, भुयार आणि तळं धाकटी, लढाया शेजारचा छोटा, बाग आणि कारंजं त्याची बहीण. माझी नणंद नागपूरहून आली. तिच्या मुलाने आजवर डोंगरी किल्ला चढलेला नाही. तो प्रत्येक दरवाज्यातून बोट आत घालून बाहेर काढत वर गेला आणि शेवटी म्हणाला, "मामी, हा खरा आहे का?" आहे, म्हटलं, शनिवारी जाऊ. तिकिटं शुक्रवारची होती, ती रविवारची करून घेतली.

हळीव आता बोटभर वाढून कलतंय. कात्रीने छाटलं.

२ नोव्हेंबर, तुळशीचं लग्न

काल नाचणीच्या कोठारात हात घातला तर दमट मातीने तिला मोड आले होते. धाकटी आधी हिरमुसली, मग ती नाचणी तिने कुंडीत लावली. आज लग्न लागल्यावर किल्ला उतरवला. उतरवतानाही तीच चौघं, बाहेरच्या कोणाला हात लावू दिला नाही. मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात, महाराज वेगळ्या डब्यात. बांगड्यांच्या कमानी धुऊन ठेवल्या. माती काकूंच्या कुंड्यांत, गोणपाटं वाळत घातली, नळी गुंडाळून मीटरच्या कपाटावर.

पुढच्या वर्षी धाकटीची पाळी, म्हणजे समुद्र. सुवर्णदुर्ग. आबांची अट तीच, म्हणून मे महिन्यात हर्णैला जायचं आणि होडीने किल्ल्यात. थोरल्याने वहीचं नवं पान काढून पहिला प्रश्न लिहिलाय: जिन्याखाली भरलेलं पाणी चार दिवस मुरू नये म्हणून तळाला काय घालायचं? मी प्लास्टिकचा कागद म्हणतेय, आबा चिकणमाती. एप्रिलमध्ये छोट्या घमेल्यात दोन्ही करून बघणार आहोत.